विंडोज ११ कोरं टाकताय? ‘फॉरमॅट मारून द्या’ म्हणण्याआधी हे वाचा

सावली हे चंद्रपूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. मूल आणि गडचिरोलीच्या मधोमध, चहूबाजूंनी धानाची शेती. तिथे माझ्या मामांचं टायपिंग आणि झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. अर्ज, लग्नपत्रिका, ग्रामपंचायतीची पत्रं आणि नाटक मंडळांच्या संहिता असं सगळं तिथे टाइप होतं.

गेल्या दिवाळीच्या सुमारास मामांच्या कॉम्प्युटरवर एक मेसेज सारखा येऊ लागला : विंडोज १० चा सपोर्ट संपतोय. मामांनी ओळखीच्या मेकॅनिकला बोलावलं आणि आपण सगळेच म्हणतो ते वाक्य म्हटलं, “फॉरमॅट मारून द्या, नवीन टाकून द्या.” मेकॅनिकने विचारलं, “डेटा कुठं आहे?” मामा म्हणाले, “डी मधी.” दीड-दोन तासांत विंडोज ११ आलं. कॉम्प्युटर फटाफट चालू लागला आणि मामा खूश झाले.

संध्याकाळी नाटक मंडळाची मुलं आली. झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो, त्यांना जुन्या संहितेची प्रत हवी होती. फाइल डी ड्राइव्हमध्ये होती, उघडलीही. पण पडद्यावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी. “हे काय दिसून राहिलं?” असं विचारत मामांनी मला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. दुसरी गोष्ट रात्री कळली. उधारीच्या हिशेबाची एक्सेल फाइल डेस्कटॉपवर होती. आणि डेस्कटॉप डी ड्राइव्हमध्ये नसतो.

पहिली अडचण दोन दिवसांत सुटली. दुसरी सुटली नाही. दोन्ही टाळता आल्या असत्या, तेही फॉरमॅटच्या आधी तासभर दिला असता तर. तो तासभर नेमका कशासाठी द्यायचा आणि त्यानंतर विंडोज ११ कोरं कसं टाकायचं, ते समजून घेऊया.

अपग्रेड, रिसेट आणि क्लीन इन्स्टॉल यांत फरक काय?

आमच्याकडे पावसाळ्याआधी घराचे कवेलू फेरतात. घर तेच, सामान आत तसंच, फक्त छप्पर नीट होतं. अपग्रेड म्हणजे हे. विंडोज १० वरच विंडोज ११ चढतं. फाइल, प्रोग्रॅम, सेटिंग्ज बहुतेक सगळं जागेवर राहतं. नाही आवडलं तर साधारण १० दिवसांच्या आत जुन्या विंडोजवर परतही जाता येतं.

क्लीन इन्स्टॉल म्हणजे घर जोत्यापर्यंत पाडून नव्याने बांधणं. जे सामान आधी अंगणात काढून ठेवलं, तेवढंच उरतं. आत राहिलं ते गेलं.

रिसेट हा मधला मार्ग. सेटिंग्जमध्ये सिस्टीम, तिथे रिकव्हरी आणि मग ‘रिसेट धिस पीसी’. त्यात ‘कीप माय फाइल्स’ निवडलं तर तुमच्या फाइल राहतात, पण टाकलेले प्रोग्रॅम जातात. ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडलं तर सगळंच जातं.

मग क्लीन इन्स्टॉल कधी करायचं? कॉम्प्युटर व्हायरसने भरलाय, जुनी हार्ड डिस्क काढून नवी एसएसडी बसवली, सेकंडहँड लॅपटॉप घेतला, आधी क्रॅक केलेलं विंडोज होतं किंवा अपग्रेड सारखं अडकतंय, अशा वेळी. कॉम्प्युटर नीट चालत असेल तर साधं अपग्रेड पुरतं.

आत्ताच हा विषय का?

विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आलं. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने त्याचा नेहमीचा सपोर्ट थांबवला. कॉम्प्युटर बंद पडत नाही, पण नवी भगदाडं सापडली तर ती बुजवणारे अपडेट येत नाहीत.

याचा धोका काय, हे महाराष्ट्राने पाहिलंय. मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधलं एक मोठं भगदाड बुजवणारा अपडेट दिला होता. अनेकांनी तो टाकला नाही. मे २०१७ मध्ये त्याच भगदाडातून ‘वॉनाक्राय’ जगभर पसरला. २७ जून २०१७ ला आलेल्या ‘नॉटपेट्या’ने पसरण्यासाठी वापरलेल्या वाटांपैकी एक वाट तीच होती. त्याने मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा कोलमडली आणि नवी मुंबईच्या जेएनपीटी बंदरात त्याच समूहाकडे असलेल्या टर्मिनलचं काम ठप्प झालं.

घाई करून चुका करण्यापेक्षा थोडा वेळ हवा असेल, तर एक सोय आहे. विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती असलेल्या घरगुती कॉम्प्युटरना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट मिळतात. त्यासाठी सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावरून नोंदणी करावी लागते आणि मायक्रोसॉफ्ट खातं लागतं. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यावर सुरू ठेवला तर पैसे लागत नाहीत.

तुमचा कॉम्प्युटर विंडोज ११ घेईल का?

पुसापुशी करण्याआधी हे बघाच. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, यूईएफआय आणि सिक्युअर बूट, टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि मान्य यादीतला प्रोसेसर लागतो. ढोबळमानाने, इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा, अथवा एएमडीचा रायझन २००० मालिकेचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर चालतो. ४ जीबी रॅमवर ते चालतं, पण रांगत चालतं. ८ जीबी असेल तर बरं.

तपासायला मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत ॲप आहे. ते ‘टीपीएम नाही’ म्हणालं तरी लगेच नवीन कॉम्प्युटर घ्यायला धावू नका. अनेकदा चिप असते, पण बायोसमध्ये बंद असते. इंटेलच्या कॉम्प्युटरमध्ये ‘पीटीटी’ आणि एएमडीच्या कॉम्प्युटरमध्ये ‘एफटीपीएम’ या नावाचा पर्याय शोधा आणि सुरू करा.

अट मोडून विंडोज ११ टाकून देणारे जुगाड आहेत. पण अशा कॉम्प्युटरला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या सुरक्षेसाठी हा खटाटोप, तीच अर्धवट राहते.

पुसण्याआधीची यादी

खरं काम इथे आहे. इन्स्टॉल तर कॉम्प्युटरच करतो. एक वही घ्या आणि एकेक गोष्ट तपासत जा.

१. डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स. हे चारही फोल्डर सहसा सी ड्राइव्हमध्ये असतात. समोर दिसतात म्हणून सुरक्षित वाटतात, पण फॉरमॅटमध्ये सगळ्यात आधी हेच जातात. सी ड्राइव्ह उघडा, ‘युझर्स’मध्ये जा आणि तुमच्या नावाचा अख्खा फोल्डर कॉपी करा.

२. ‘युझर्स’मधलाच ‘पब्लिक’ फोल्डर. याकडे कुणाचं लक्ष जात नाही. टॅलीप्राइम वापरत असाल तर कंपनीचा डेटा मूळ सेटिंगनुसार इथेच असतो. टॅलीमधून रीतसर बॅकअप घ्या आणि फॉरमॅटआधी लायसन्स ‘सरेंडर’ करा, म्हणजे नव्या विंडोजवर ते पुन्हा सुरू करताना अडत नाही.

३. डी ड्राइव्ह. ‘डी सेफ असतो’ हे अर्धसत्य आहे. बहुतेक लॅपटॉपमध्ये सी आणि डी एकाच डिस्कचे दोन भाग असतात. इन्स्टॉलच्या वेळी एक चुकीची ओळ डिलीट केली की डी सुद्धा जातो. म्हणून डी मधलं महत्त्वाचं सामानही बाहेरच्या हार्ड डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर काढा.

४. पासवर्ड आणि बुकमार्क. क्रोम किंवा एजमध्ये खात्याने लॉगिन करून सिंक सुरू आहे का, ते पाहा. मुख्य म्हणजे त्या खात्याचा पासवर्ड स्वतःला आठवतोय का, तो मोबाइलवर एकदा टाकून बघा.

५. बिटलॉकरची चावी. अनेक नव्या लॅपटॉपची डिस्क कुलूपबंद असते. त्याची ४८ अंकी रिकव्हरी की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात, डिव्हाइसच्या पानावर मिळते. ती कागदावर उतरवून ठेवा. बायोसमध्ये बदल केल्यावर कॉम्प्युटर ती मागू शकतो.

६. ॲक्टिव्हेशन. सेटिंग्जमध्ये सिस्टीम किंवा अपडेटखाली ‘ॲक्टिव्हेशन’ बघा. तिथे डिजिटल लायसन्सने ॲक्टिव्ह आहे असं असेल तर नवीन की विकत घ्यायची गरज नाही, लायसन्स त्या कॉम्प्युटरच्या हार्डवेअरशी जोडलेलं असतं. होम आहे की प्रो, तेवढं लिहून ठेवा. विंडोज ७ किंवा ८ ची जुनी की देऊन नव्याने ॲक्टिव्हेट करण्याचा मार्ग मात्र मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केला.

७. यंत्रं. प्रिंटर, स्कॅनर, बोटाचा ठसा घेणारं मशीन, डिजिटल सहीचं टोकन. सेवा केंद्र चालवणाऱ्यांसाठी हे सगळ्यात महत्त्वाचं. सही टोकनमध्येच असते, ती फॉरमॅटने जात नाही. पण टोकनचा ड्रायव्हर आणि ठशाच्या मशीनची आरडी सर्व्हिस जाते. प्रत्येक यंत्राचं मॉडेल लिहा आणि ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून आधीच उतरवून ठेवा.

८. वाय-फायचा ड्रायव्हर. हासुद्धा लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून पेन ड्राइव्हवर घ्या. का, ते पुढे कळेल.

यादी झाली की सगळ्यात महत्त्वाची पायरी : बॅकअपमधल्या चार-पाच फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. कॉपी झाली म्हणजे उघडेलच असं नाही.

मराठी फाइल उघडतात, पण वाचता का येत नाहीत?

आता मामांच्या नाटकाच्या संहितेकडे येऊ. फाइल खराब झाली नव्हती. व्हायरसही नव्हता. गेला होता तो फक्त फॉन्ट.

कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, क्रमांक कळतो. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. ‘क’चा क्रमांक २३२५. मोबाइल असो की कॉम्प्युटर, २३२५ म्हणजे ‘क’च. म्हणून व्हॉट्सॲपवरचा मराठी मेसेज कुठेही वाचता येतो.

पण युनिकोड रुळण्याआधी आपल्याकडे वेगळी युक्ती होती. कृतीदेवसारख्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी आकार बसवलेले आहेत. कृतीदेव ०१० मध्ये इंग्रजी छोट्या ‘डी’च्या जागी ‘क’चं चित्र आहे. त्यात ‘मराठी’ हा शब्द टाइप केला तर फाइलमध्ये प्रत्यक्षात ई, जे, के, बी, एच ही पाच इंग्रजी अक्षरं साठतात. फॉन्ट असेपर्यंत ‘मराठी’ दिसतं. फॉन्ट गेला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात.

श्रीलिपीच्या आणि सी-डॅकच्या आयएसएममधल्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइलचंही असंच होतं. गावोगावच्या डीटीपी दुकानांत, शाळांत, साप्ताहिकांच्या कचेऱ्यांत असा वर्षानुवर्षांचा मजकूर पडलेला आहे.

म्हणून क्लीन इन्स्टॉलआधी तीन गोष्टी करा. एक, सी ड्राइव्हमधल्या ‘विंडोज’ फोल्डरातला ‘फॉन्ट्स’ फोल्डर पूर्ण कॉपी करा. दोन, फॉन्टसोबत आलेलं सॉफ्टवेअर, त्याची सीडी, की किंवा यूएसबीला लावायचं डोंगल शोधून ठेवा. तीन, ज्या फाइल गमावून चालणार नाही, त्यांची पीडीएफ करा. पीडीएफमध्ये सहसा फॉन्ट आतच जातो, त्यामुळे ती कुठेही वाचता येते.

सवड मिळेल तेव्हा जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या. त्यासाठी ऑनलाइन कन्व्हर्टर मिळतात. पण बदललेला मजकूर एकदा वाचा. रफार, जोडाक्षरं आणि ऱ्हस्व वेलांटी इथे घोळ होतो.

मामांना कपाटात जुनी सीडी सापडली. कॉम्प्युटरला सीडी ड्राइव्ह नव्हता, शेजारच्या दुकानातून फॉन्ट पेन ड्राइव्हवर आणला. फॉन्ट टाकला आणि अख्खं नाटक पडद्यावर परत आलं.

पेन ड्राइव्ह कसा तयार करायचा?

किमान ८ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह घ्या. त्यात असलेलं सगळं पुसलं जाईल, म्हणून बॅकअपचा पेन ड्राइव्ह वेगळा ठेवा. दोघांवर चिठ्ठी चिकटवा. हसू नका, इथेच चूक होते.

मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज ११ चं ‘मीडिया क्रिएशन टूल’ घ्या. ते पेन ड्राइव्ह तयार करून देतं, तेही मोफत. डाउनलोड पाच जीबीच्या आसपास असतो. दिवसाला दीड-दोन जीबीच्या रिचार्जवर तो एका दिवसात होणार नाही. ब्रॉडबँड असलेल्या मित्राकडे किंवा कॉलेजच्या वाय-फायवर करून घ्या. टेलिग्रामवरची ‘आधीच ॲक्टिव्हेट केलेली’ विंडोजची फाइल घेऊ नका. तिच्यात आणखी काय भरलंय, हे तुम्हाला कळणार नाही आणि त्याच कॉम्प्युटरवर तुम्ही बँकेचा पासवर्ड टाकणार आहात.

आता प्रत्यक्ष इन्स्टॉल

लॅपटॉप चार्जरला लावा. डेस्कटॉप असेल तर यूपीएस किंवा इन्व्हर्टरवर घ्या. पावसाळ्यात आमच्याकडे लाइट केव्हा जाईल, याचा नेम नसतो. मधेच लाइट गेली तर कॉम्प्युटर सहसा कायमचा बिघडत नाही, पेन ड्राइव्हवरून पुन्हा सुरुवात करता येते. पण पुसलेला डेटा पुसलेलाच राहतो.

पहिली पायरी : बाहेरची हार्ड डिस्क आणि बॅकअपचा पेन ड्राइव्ह काढून बाजूला ठेवा. फक्त इन्स्टॉलचा पेन ड्राइव्ह लावा.

दुसरी पायरी : कॉम्प्युटर सुरू करताना बूट मेन्यूचं बटण दाबत राहा. डेल आणि लेनोव्होच्या बहुतेक मॉडेलवर एफ१२, एचपीवर एस्केप किंवा एफ९, असूसवर एस्केप किंवा एफ८. यादीतून पेन ड्राइव्ह निवडा.

तिसरी पायरी : भाषा आणि कीबोर्ड निवडा. इथे इंग्रजी ठेवा, मराठी नंतर जोडता येते. पुढे ‘इन्स्टॉल विंडोज ११’ निवडा. नव्या आवृत्त्यांमध्ये इथे एक चौकोन येतो : फाइल, ॲप आणि सेटिंग्ज सगळं डिलीट होईल हे मान्य आहे. टिक करण्याआधी स्वतःला एकदा विचारा, यादी पूर्ण झाली ना?

चौथी पायरी : की मागितली आणि तुमचं लायसन्स डिजिटल असेल, तर ‘माझ्याकडे प्रॉडक्ट की नाही’ या अर्थाचा पर्याय निवडा. मग आधीचीच आवृत्ती घ्या. आधी होम होतं तर होम. चुकून प्रो टाकलं तर ॲक्टिव्हेट होणार नाही.

पाचवी पायरी : आता डिस्कची यादी येईल. सगळ्यात नाजूक जागा हीच. ‘डिस्क ०’, ‘डिस्क १’ अशी नावं दिसतात, सी-डी अशी अक्षरं दिसत नाहीत. म्हणून आकारावरून ओळखा. ज्या डिस्कवर विंडोज टाकायचं, तिचे सगळे भाग डिलीट करून एकच मोकळी जागा ठेवली आणि ती निवडून पुढे गेलात, तर विंडोज हवे ते भाग स्वतः करतं. डी ड्राइव्ह त्याच डिस्कवर ठेवायचा असेल तर त्याच्या ओळीला हात लावू नका. लॅपटॉपमध्ये एसएसडी आणि हार्ड डिस्क दोन्ही असतील, तर आकडा दोनदा वाचा.

इथे डिस्कच दिसत नसेल तर घाबरू नका. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या काही लॅपटॉपमध्ये स्टोरेजचा वेगळा ड्रायव्हर लागतो. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून ‘इंटेल आरएसटी’ ड्रायव्हर घेऊन पेन ड्राइव्हवर टाका आणि ‘लोड ड्रायव्हर’ दाबून दाखवा.

सहावी पायरी : आता थांबा. एसएसडीवर अर्धा तास, जुन्या हार्ड डिस्कवर तास किंवा जास्त. कॉम्प्युटर दोन-तीनदा बंद होऊन सुरू होईल. त्या वेळी बूट मेन्यूचं बटण दाबू नका, नाहीतर सगळं पहिल्यापासून सुरू होईल.

सातवी पायरी : सेटअप इंटरनेट मागतो, आणि वाय-फायचा ड्रायव्हर नसेल तर नेटवर्कच दिसत नाही. अनेक जण इथे अडकतात. अँड्रॉइड मोबाइल केबलने कॉम्प्युटरला जोडा आणि मोबाइलच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करा. बहुतेक वेळा लगेच नेट मिळतं. नाहीच मिळालं तर आधी उतरवून ठेवलेला वाय-फाय ड्रायव्हर कामी येतो.

डेस्कटॉप दिसला म्हणजे काम संपलं नाही

आधी विंडोज अपडेट चालवा आणि ‘आणखी काही नाही’ असं येईपर्यंत पुन्हा पुन्हा चालवा. अनेक ड्रायव्हर त्यातूनच येतात. मग ॲक्टिव्हेशन तपासा.

सेटिंग्जमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’मधून मराठी जोडा. इनस्क्रिप्टसोबत मराठी फोनेटिक कीबोर्डही विंडोजमध्येच मिळतो, वेगळं काही टाकायची गरज नाही. विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबलं की भाषा बदलते.

त्यानंतर प्रिंटर, ठशाचं मशीन, टोकन, फॉन्ट आणि शेवटी फाइल. फाइल परत टाकण्याआधी बॅकअप अँटिव्हायरसने तपासा. विंडोजमधला डिफेंडर त्यासाठी पुरतो. मायक्रोसॉफ्ट खात्याने सेटअप केला असेल तर डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असू शकते, म्हणून बिटलॉकरची नवी चावीही नोंदवून ठेवा.

बॅकअप लगेच पुसू नका. निदान महिनाभर ठेवा. काहीतरी राहिलंय, हे आठवायला तेवढा वेळ लागतोच.

चूक झालीच तर?

आधी सी ड्राइव्हमध्ये ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाचा फोल्डर आहे का बघा. जुना भाग डिलीट न करता त्यावरच विंडोज टाकलं असेल तर जुन्या फाइल त्यात सापडतात. तो काही दिवसांनी आपोआप पुसला जाऊ शकतो, म्हणून लगेच कॉपी करा.

तो नसेल तर कॉम्प्युटर वापरणं तिथेच थांबवा. प्रत्येक नवी फाइल जुन्या फाइलच्या जागेवर बसू शकते. साध्या हार्ड डिस्कवरून रिकव्हरी सॉफ्टवेअरने काही परत मिळू शकतं. एसएसडीवर आशा फार कमी, कारण पुसलेली जागा ती स्वतःच आतून साफ करते.

मामांचा कॉम्प्युटर एसएसडीवरचा होता. उधारीची फाइल मिळाली नाही.

कॉम्प्युटर विंडोज ११ घेतच नसेल तर?

वर सांगितलेले वाढीव अपडेट घेऊन काही महिने काढता येतील. दुसरा पर्याय लिनक्सचा. लिनक्स मिंट किंवा उबुंटू मोफत आहेत, जुन्या कॉम्प्युटरवर चालतात आणि पेन ड्राइव्हवरून, काहीही न पुसता, आधी वापरून बघता येतात. सी-डॅकने तयार केलेलं ‘बॉस’ हे भारतीय लिनक्सही आहे. इंटरनेट, मराठी टायपिंग, अभ्यास यासाठी हे पुरेसं आहे. पण ठशाचं मशीन, टोकन किंवा डीटीपीचं सॉफ्टवेअर वापरत असाल, तर ते लिनक्सवर चालतं का हे आधी तपासा.

मेकॅनिककडे देणार असाल तर

त्यात काही कमीपणा नाही. फक्त ‘फॉरमॅट मारून द्या’ एवढंच म्हणू नका. बॅकअप स्वतः घ्या आणि सोबतची यादी हातात द्या. चार प्रश्न विचारा : माझं मूळ लायसन्सच राहणार ना? कुठला भाग पुसणार आणि कुठला ठेवणार? प्रिंटर आणि मशीनचे ड्रायव्हर टाकून देणार का? माझे मराठी फॉन्ट परत टाकणार का? चांगल्या मेकॅनिकला या प्रश्नांचा राग येत नाही, उलट त्याचं काम सोपं होतं.

मामांच्या दुकानात आता पेन ड्राइव्हवर दर शनिवारी कॉपी होते. उधारीची फाइल गेल्यावर त्यांनी ओळखीच्यांना सांगून पाहिलं, “बाबू, किती होते तुझे, तूच सांग.” काहींनी आठवून पैसे दिले, काहींना आठवलं नाही. कॉम्प्युटरसोबत एक जाड वहीही आता काउंटरवर असते.

हा लेख सेव्ह करून ठेवा. आणि घरात कुणी फॉरमॅटचं नाव काढलं, तर त्यांना सगळ्यात आधी विचारा : डेस्कटॉपवर काय काय आहे?